कागद पुण्यात, गाव गावात

२०२३च्या सप्टेंबरात महाराष्ट्रात अचानक मोडी वाचणाऱ्यांचा तुटवडा पडला. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, पुढे तिचे काम राज्यभर गेले, आणि कचेऱ्यांच्या, शाळांच्या कपाटांतून वर्षानुवर्षे न उघडलेली रजिस्टरे बाहेर आली. जन्ममृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना चौदा, ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात, शाळेचे जनरल रजिस्टर, पाहणीपत्रक. निजामाच्या अमदानीतल्या उर्दू-फारसी कागदांसाठी थेट हैदराबाद गाठावे लागले. ज्या दप्तरांना कालपर्यंत वाळवीखेरीज गिऱ्हाईक नव्हते, त्यांच्या नकलांसाठी रांगा लागल्या.

या शोधात लाखो पाने उलटली गेली ती एका नोंदीसाठी. ती दिसली की पान पुढे. त्याच पानावर कोण कशाने गेले, कोणत्या साली पटकीने वाडीतली घरेच्या घरे रिकामी झाली, शाळेत कोणत्या घरची मुलगी पहिल्यांदा आली, हेही लिहिलेले असते. ते बघणे समितीचे काम नव्हते, त्यामुळे तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडे स्थानिक इतिहासाचे बहुतेक वेळा असेच झाले आहे. जुना कागद आपल्याला हवा असतो तो कशाला तरी लागतो म्हणून: वतनाच्या तंट्याला, घराण्याच्या मानाला, एखाद्या तिथीच्या वादाला, आता जातीच्या दाखल्याला. ज्या गावात तो कागद जन्मला त्या गावाला त्यातली गोष्ट परत सांगायची असते, हे या सगळ्या उलाढालीत राहून जाते. गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्राने जमवण्याचे काम अफाट केले. परत देण्याचे काम जवळजवळ केलेच नाही.

जमवणाऱ्यांविषयी मात्र आदरानेच बोलले पाहिजे. १८७८ साली का. ना. साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक काढून बखरी आणि पत्रे छापायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरचे कागद रद्दीच्या भावाने वाण्याकडे जात होते. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरात बुडून गेले. साताऱ्यात पारसनिसांनी संग्रह उभा केला. आणि वि. का. राजवाडे. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, पुढे एकूण बावीस झाले. या माणसाने महाराष्ट्र पायाखाली घातला, देशमुख-देशपांड्यांच्या ओसऱ्या झिजवल्या, हाताने स्वयंपाक करून खाल्ला आणि कागद मिळेपर्यंत उंबरा सोडला नाही. १९१० साली पुण्यात त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले, यथावकाश मंडळींशी भांडले, आणि १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ त्यांच्या मागे उभे राहिले. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतली बाडे गोळा करून समर्थ वाग्देवता मंदिर उभारले. खानदेशातल्या एका शहरात अशा दोन संस्था आहेत, हे पुण्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. पुण्यात तर नसतेच.

गावातला कागद किती मोठे काम करू शकतो याचे उदाहरण भोरजवळच्या कारीचे आहे. तिथल्या जेध्यांच्या घरात एक शकावली होती: साल, तिथी आणि घडलेली गोष्ट, एवढीच कोरडी टिपणे. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली आणि शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा सगळा वाद नव्याने मांडावा लागला. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी तिथून आली. आज १९ फेब्रुवारीला राज्यभर जी सुट्टी असते ती एका देशमुखी घराने जपलेल्या वहीच्या आधाराने. पण या यशाने एक सवयही लावली. गावोगावचे कागद हे मोठ्या इतिहासाचे पुरावे, एवढ्याच नजरेने पाहिले जाऊ लागले. कागदात महाराज, पेशवे, शिंदे-होळकर असतील तर तो महत्त्वाचा. पाटलाच्या दोन भावांतली भांडणे असतील तर किरकोळ.

पेशवे दफ्तराचे तेच झाले. पुण्याच्या पुराभिलेखागारात त्याचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. इंग्रजी अमलात ते दफ्तर संशोधकांना सहज खुले नव्हते. १९३० ते ३४ या काळात गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडक पंचेचाळीस खंड काढले, हा पराक्रमच होता. पण निवड राजकारणाची होती. गावझाडे, ताळेबंद, जमाखर्च, ज्यात एकेका गावाच्या विहिरी, पडीक जमीन, बलुत्याचा वाटा, देवळाच्या तेलवातीचा खर्च असे सारे आहे, ते बहुतेक रुमालातच राहिले. पुढे अ. रा. कुलकर्णींसारख्यांनी ते उघडले. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने बलुतेदारीवर लिहिले तेही मराठी कागदांच्या बळावर. जपानी माणूस आपल्या गावच्या सुतार-लोहारांचे हक्क अभ्यासतो आणि आपण पानिपतावरच्या पन्नासाव्या पुस्तकाची वाट पाहतो, यात पानिपताचा काही दोष नाही.

त्या रुमालांत महजर नावाचा एक प्रकार असतो. माझ्या मते महाराष्ट्राच्या ग्रामीण इतिहासाचे सर्वांत जिवंत साधन हेच. वतनाचा किंवा शिवेचा तंटा लागला की गोतसभा बसे, पाटील-कुलकर्ण्यांपासून महारापर्यंत साऱ्यांच्या साक्षी होत आणि निवाडा कागदावर उतरे. खाली सह्यांच्या जागी निशाण्या: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, बाकीच्या बलुतेदारांची आपापली हत्यारे. लिहिता न येणारी माणसे त्या कागदावर अशी हजर आहेत. कोणाच्या आज्याने पडकी विहीर उपसली, दुष्काळात कोण परागंदा झाला, कोण परत आला, परतल्यावर त्याचे शेत कोणी दाबले होते, हे त्यांच्याच तोंडचे बोल कुलकर्ण्याने लिहून घेतलेले. मौखिक इतिहास ही कल्पना आपण अलीकडची मानतो. आपल्या गावांनी ती तीनशे वर्षांपूर्वी कामाला लावलेली आहे. असे बरेच महजर छापलेलेही आहेत. पण ज्या गावचा महजर त्या गावच्या शाळेत त्याची देवनागरी प्रत भिंतीला लावलेली मी तरी पाहिली नाही.

गावावर सरळ लिहिण्याची परंपराही आपल्याकडे आहे, जरा विरळ. शहरांचे आधी झाले: गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३चे, ना. वि. जोशींचे पुणे शहराचे वर्णन १८६८चे. मग सरकारने जिल्हा गॅझेटियरे काढली, कॅम्पबेलच्या संपादनाखाली, आणि ती इतकी भरगच्च निघाली की पुढची शंभर वर्षे स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याने आधी तीच उतरून काढायची असा पायंडा पडला. आजही तालुक्याच्या माहितीपुस्तिकेतले पहिले पान बहुधा तिथूनच आलेले असते, इंग्रज कलेक्टराच्या पूर्वग्रहांसकट. १९१५ साली त्रिं. ना. आत्र्यांचा ‘गावगाडा’ आला. बलुत्या-अलुत्यांचा, हक्कांचा, लाचलुचपतीचा असा हिशेब मराठीत त्याआधी कोणी मांडला नव्हता. भटक्या जमातींकडे मात्र ते पुस्तक फार संशयाने पाहते, आणि ते डोळ्यांआड करून वाचू नये.

मला अधिक जवळचे वाटते ते ना. गो. चापेकरांचे ‘बदलापूर’, १९३३चे. न्यायखात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ गावात राहायला आला आणि त्याने ते एकच गाव पुरते पाहून लिहिले. त्यात राजा नाही, लढाई नाही. आज बदलापूर म्हणजे मुंबईची लोकल, इमारतींची रांग आणि लाखोंची वस्ती. तिथे राहायला आलेल्यांपैकी बहुतेकांना आपल्या पायाखालच्या गावावर इतके बारकाईचे पुस्तक आहे हे माहीत असण्याचे कारण नाही. एखाद्या नगरपालिकेने अशा पुस्तकाची स्वस्त आवृत्ती काढून दर घरपट्टीच्या पावतीबरोबर द्यावी, अशी कल्पना कोणी मांडली तर हसू येईल. पण तेवढ्या खर्चात दोन स्वागतकमानी होतात.

वस्तूंच्या बाबतीत एक गाव मात्र हट्टाने वेगळे राहिले: धाराशिव जिल्ह्यातले तेर. गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते वारकऱ्यांना माहीत; दोन हजार वर्षांपूर्वी तगर म्हणून ते रोमन व्यापाऱ्यांना माहीत होते. तिथल्या मातीत पावसाळ्यानंतर मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती वर येत. गावातले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे ते सगळे जमवत राहिले. त्या संग्रहातली हस्तिदंती बाहुली पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीची नातेवाईक म्हणून जगभरच्या ग्रंथांत गेली. आणि हा खजिना मुंबईला किंवा पुण्याला न जाता गावातच राहिला. आज लामतुऱ्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय तेरमध्येच आहे. सगळ्याच गावांना हे जमणार नाही, सुरक्षा आणि देखभाल हे खरे प्रश्न आहेत. तरी शेतात सापडलेला मणी कुठे नेऊन द्यायचा हे तेरच्या पोराला कळते, आणि ते कळणे हेच अर्धे जतन आहे. उलट बाजूला अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख: शके ९३४चा, म्हणजे इसवी सन १०१२चा, मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक, आणि कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला उन्हापावसात उभा.

हे झाले दगडाचे आणि कागदाचे. ज्यांच्या घरी कागद नव्हता त्यांचे काय? इथे बायकांनी आणि दलित चळवळीने इतिहासकारांना मागे टाकले. साने गुरुजींनी ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या पुस्तकांतून त्या महाराष्ट्रभर पोचवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी हजाराहून अधिक गावांतून लाखावर जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. त्यांत कोणी गायले, कोणत्या गावात, हे प्रत्येक ओवीपाशी नोंदलेले. २०१७पासून त्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहालयाने, म्हणजे ‘पारी’ने, प्रसिद्ध करायला घेतल्या आणि एक मोलाची गोष्ट केली: त्यांची माणसे पुन्हा त्या गावांत गेली. बीडच्या माजलगावात भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या वीस वर्षांनी त्याच वस्तीत परत पोचल्या. परत देणे म्हणतात ते हे.

१९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ आले. आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायकांना त्या दोघी घरोघर जाऊन भेटल्या. या कार्यकर्त्या सभेला गेल्या होत्या, तुरुंगात गेल्या होत्या, आणि छापील इतिहासात त्यांच्यासाठी ‘महिलाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या’ यापलीकडे ओळ नव्हती. ते पुस्तक दहा वर्षे उशिरा निघाले असते तर निम्मे आवाज गेलेले असते. मुंबईच्या गिरणगावाचे काम मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी असेच वेळेवर केले: १९८२च्या संपानंतर चाळी पडत होत्या, टॉवर चढत होते, आणि या दोघी खानावळवाल्या बायका, भजनी मंडळी, शाहीर, युनियनवाले यांना बोलते करत होत्या. गिरण्यांच्या जागी आज जे मॉल आहेत त्यांची नावे मात्र अजून गिरण्यांवरूनच सांगितली जातात.

गाव जागचे हलले की काय होते, याकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातली पन्नासावर गावे नव्या जागी वसली. नव्या गावात रस्ते सरळ आले, घरे एकसारखी आली. कोणती गल्ली कोणाची, वेस कुठे, पाराखाली कोण बसे, मोहरमचे पंजे कोणत्या वाड्यापासून निघत, ही सगळी वाट पायांना माहीत होती, ती कागदावर नव्हती. धरणग्रस्तांचे त्याहून आधीचे. उजनीच्या पाण्यातले पळसदेवाचे देऊळ उन्हाळ्यात वर येते तेव्हा नावा भरून पर्यटक जातात आणि ड्रोन उडतात. देवळाभोवतीचे बुडालेले गाव ज्यांच्या डोक्यात अजून शाबूत आहे ते लोक आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडून साधा हातनकाशा काढून घ्यायला एक शिक्षक, एक वही आणि आठ दुपारी पुरतात. पुनर्वसनाच्या फायलींत प्रत्येक झाडाचे मूल्यांकन सापडेल. त्या झाडाचे गावातले नाव सापडणार नाही.

विभागांचा असमतोल हा आणखी एक जुना रोग. महाराष्ट्राचा इतिहास म्हणून जे छापले गेले ते बहुतांशी देशावरचे. विदर्भाला या. मा. काळे मिळाले, १९२४ साली त्यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ आला. मराठवाड्याचे कागद फारसीत आणि उर्दूत, आणि ते वाचणारे सेतुमाधवराव पगडींसारखे किती? म्हणूनच २०२५मध्ये आरक्षणाच्या वादात ‘हैदराबाद गॅझेट’ हे शब्द टीव्हीवर दिवसरात्र ऐकू येत असताना, ते आपल्याच पाच-आठ जिल्ह्यांचे जुने वर्णन आहे याचे मराठी माणसाला नवल वाटत होते. गोव्याचे बरे म्हणायचे: तिथले पुराभिलेखागार १५९५चे, आणि पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्यातून मराठ्यांचे पोर्तुगिजांशी असलेले संबंध उभे केले. तिकडे तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांनी अख्खे वंशचरित्र मराठीत कोरवले. तो लेख गावच्या लोकांना वाचता येत नाही, आणि ज्यांना वाचता येतो ते सहलीला जाऊन सावलीत फोटो काढून येतात.

स्थानिक इतिहास निरुपद्रवी छंद आहे असे मानणाऱ्यांनी वढू बुद्रुकची आठवण ठेवावी. संभाजी महाराजांच्या अंत्यसंस्काराशी गोविंद गोपाळ महार यांचे नाव जोडणाऱ्या फलकावरून डिसेंबर २०१७च्या शेवटी तिथे तणाव झाला, आणि तीनच दिवसांनी, १ जानेवारी २०१८ला, भीमा कोरेगावचा हिंसाचार. एका गावची एक आठवण कोणाची, हा प्रश्न राज्याच्या राजकारणात उतरला. त्याआधी २००४ साली इतिहासाच्याच वादातून पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला होताच. यानंतर गावोगावच्या लेखकांनी एक पळवाट काढली: सर्वांना आवडेल तेवढेच लिहायचे. त्यामुळे आजच्या ग्राम-इतिहासाच्या पुस्तिका ग्रामदैवत, जत्रा, हुतात्मे, माजी सरपंच अशा शिस्तीत चालतात. पाणवठा कोणाला बंद होता, कोणते मोहल्ले कधी रिकामे झाले, कूळकायद्यात कोणाची जमीन कोणाकडे गेली, ही पाने कोरी.

मोबाइलमुळे नव्या पोरांनी मात्र बरेच केले आहे. पूर्वी दगड म्हणून धुणे आपटायला वापरले जाणारे वीरगळ आज ओळखले जातात, देवळाबाहेर ओळीने उभे केले जातात. बोरिवलीच्या एकसरचे आरमारी लढाईचे वीरगळ पाहायला लोक मुद्दाम जातात. दिनकर गांगलांच्या ‘थिंक महाराष्ट्र’ने गावोगावच्या लिहित्या माणसांना जागा दिली. सरकारी दर्शनिका आणि राज्य मराठी विकास संस्थेची दुर्मीळ पुस्तके जालावर फुकट मिळतात. मोडी संगणकाकडून वाचून घेण्याचे प्रयोग सुरू झाले आहेत. पण याच मोबाइलवर प्रत्येक बुरुजाला महाराजांचा पदस्पर्श होतो आणि प्रत्येक हेमाडपंती देऊळ पांडव एका रात्रीत बांधतात. त्या पांडवांना हाकलू नये असे माझे मत आहे. रा. चिं. ढेऱ्यांनी स्थळमाहात्म्ये आणि दैवतकथा कशा वाचायच्या हे दाखवून ठेवले आहे: कथा खोटी म्हणून फेकायची नाही, खरी म्हणून छापायची नाही, ती कोण सांगते आणि कोणाच्या सोयीची आहे ते पाहायचे. व्हिडिओ करणाऱ्याने सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख एवढे जरी खाली लिहिले, तरी पन्नास वर्षांनी त्या व्हिडिओचे साधन होईल. नाहीतर पार्श्वसंगीत तेवढे उरेल.

परत देण्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यात अकरा-बारा हजार सार्वजनिक वाचनालये अनुदानावर चालतात; रत्नागिरीचे तर १८२८चे आहे. प्रत्येक वाचनालयात आपल्या गावापुरते एक कपाट असावे: गावाबद्दल छापून आलेल्या पानांच्या प्रती, शाळेच्या, पतसंस्थेच्या, साखर कारखान्याच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, जुने फोटो आणि फोटोतली माणसे कोण ते सांगणारी चिठ्ठी. पुराभिलेखागाराने आपल्या सूच्या गावाच्या नावाने शोधता येतील अशा केल्या तर वाचनालयाचा कार्यवाह एका अर्जावर आपल्या गावच्या महजराची प्रत मागवू शकेल. आज सूची विषयवार किंवा दफ्तरवार असते, आणि गावचा माणूस तिच्यात आपले गाव शोधू शकत नाही. हे काम पैशाचे कमी आणि चिकाटीचे जास्त आहे, म्हणून ते योजनेत बसत नाही.

यातली एक गाठ मात्र मला सुटत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे सुगीनंतर हेळवी येतात. घराण्याची वंशावळ त्यांच्या वहीत असते. मूळ पुरुष कुठून आला, कोणता भाऊ कुठे गेला, हे अंगणात बसून मोठ्याने वाचतात, नवी नावे लिहून घेतात आणि धान्य, कपडा, पैसा घेऊन पुढच्या गावाला जातात. त्र्यंबकेश्वरच्या, नाशिकच्या उपाध्यांच्या नामावळीही तशाच. या वह्यांत कुणब्या-धनगरांच्या अशा पिढ्या आहेत ज्या कोणत्याही सरकारी रुमालात मिळणार नाहीत, आणि हेळव्यांची मुले आता हा व्यवसाय धरत नाहीत. संशोधक म्हणतो, वही द्या, स्कॅन करून जालावर ठेवतो, म्हणजे ती सगळ्यांची होईल. पण ती वही वाचून दाखवणे हीच त्या माणसाची शेती आहे. वंशावळ मोबाइलवर फुकट दिसू लागली तर पुढच्या सुगीला त्याच्या पदरात सूपभर जोंधळे कोण घालणार? याचे मोल ठरवून, लेखी करार करून आणि आधी पैसे देऊन वही मागायला गेलेली संस्था मला अजून भेटलेली नाही.